सफरचंदाचं भरीत

आमच्या घरातल्या मुलांना मुळाक्षरं यायच्या आधी दोन गोष्टी ठाऊक होतात. एक, सफरचंदाने फुईचा जीव वाचवला. दुसरी, आजीने मिरची घालून तो जवळजवळ घेतलाच होता. फुई म्हणजे माझी आत्या. आमच्या तापीकाठी आत्याला फुईच म्हणतात. आजी म्हणजे माझी बायको. तीन पिढ्या या दोन गोष्टी ऐकत झोपल्या. दोन्ही खोट्या आहेत. पुरतं खरं काय ते जगात मला एकट्यालाच माहीत होतं आणि मी आता शहाऐंशी वर्षांचा आहे. लिहून ठेवलं नाही तर खोट्याचंच खरं होऊन जाईल, म्हणून लिहितो.

गोष्ट एकोणीसशे तिसाच्या पुढच्या सालांतली. आमचा मुलूख तेव्हा पश्चिम खानदेशात मोडायचा. घरात आम्ही चारच माणसं: आबा म्हणजे माझे वडील, त्यांची थोरली विधवा बहीण फुई, मी, आणि दहा महिन्यांपूर्वी घरात आलेली माझी बायको. आई मी लहान असतानाच गेली होती, मला वाढवलं ते फुईने. ती उंच, रुंद आणि मोठ्या आवाजाची होती. कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत ती शेताच्या एका कडेने बोलली की दुसऱ्या कडेच्या बाया हात चालवायच्या.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला फुईला मुदतीचा ताप आला. तीन आठवड्यांनी ताप उतरला, पण तिची अन्नावरची वासनाच उडाली. पेज दिली की तोंड फिरवायची. साबुदाण्याची लापशी दिली तर म्हणाली, "हाई कोनं नाक शिकरेल शे?" आणि वाटी भिंतीकडे सरकवली. अंगात नुसती हाडं राहिली. आवाजही गेला. ती हाक मारायची आणि शेजारच्या खोलीत ऐकू यायची नाही, तेव्हा आबांना पहिल्यांदा भीती वाटली. त्यांनी नंदुरबारहून डॉक्टरांना आणलं.

डॉक्टरांनी नाडी पाहिली, पोट दाबून पाहिलं आणि म्हणाले, "औषध पुष्कळ झालं. आता पोटात काहीतरी गेलं पाहिजे. सफरचंद द्या."

आबांनी सफरचंद चित्रात पाहिलं होतं, मी तेवढंही नाही.

"फार गुणाचं फळ," डॉक्टर म्हणाले. "आतड्यांना हलकं. जुलाब असले तर बांधतं, नसले तर मोकळं करतं. अशक्तपणा जातो. नंदुरबारला मिळणार नाही, सुरतेहून आणावं लागेल. पण कच्चं देऊ नका. भाजा, साल काढा, कुस्करा आणि चमच्याने भरवा."

भाजा, साल काढा, कुस्करा. आबांनी मान डोलावली, मीही डोलावली. आणखी काही विचारायची गरज आम्हा दोघांनाही वाटली नाही. खानदेशात वांगी पिकायला लागली त्या दिवसापासून आम्ही दुसरं करत काय आलो? डॉक्टर खानदेशाबाहेरचे होते. आपण कुणाला काय सांगितलं हे त्यांना कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नंदुरबारला गाडी धरून सुरतेला गेलो. तिथल्या बाजारात एका फळवाल्याने गवत भरलेल्या खोक्यातून सहा सफरचंदं काढून दिली. एकेक पातळ कागदात गुंडाळलेलं होतं. कागद जरा सरकवून वास घेतला. आमच्याकडच्या कुठल्याही फळाला तो वास नाही. पेरूचा वास अंगावर येतो, याचा वास जवळ बोलावतो. मी सहाही पिशवीत घातली, पिशवी मांडीवर घेतली आणि परतीच्या गाडीत बसलो.

समोरच्या बाकावर काळी टोपी घातलेला एक म्हातारा होता. त्याच्या तोंडात एकही दात नव्हता. त्याने पिशवीकडे बघून विचारलं, "सफरजन?"

"हो. आत्याला. आजारी आहे."

"उत्तम!" म्हातारा सरसावून बसला. "याच्यासारखं फळ नाही. पहिली गोष्ट म्हणजे दात. रोज एक खाल्लं तर दात म्हातारपणापर्यंत खडीसाखरेसारखे राहतात."

माझी एक दाढ आठ दिवस ठणकत होती. शिवाय मला असंही वाटलं की आजारी माणसाला द्यायचं फळ आधी कुणीतरी चाखून पाहिलेलं बरं. परमुलखातलं फळ, फळवाला अनोळखी. बारडोली मागे पडल्यावर मी एक काढलं आणि चाखलं. चाखता चाखता फक्त देठ उरला.

"दुसरी गोष्ट, पोट," म्हातारा म्हणाला.

पोटाचं माझं लहानपणापासून अवघडच होतं. दुसरं काढलं. यातलं अर्धं मात्र म्हाताऱ्याला द्यावं लागलं, कारण तो बोलायचा थांबून नुसताच बघत होता. त्याने खिशातून चाकू काढला आणि गर खरवडून खरवडून खाल्ला.

मग त्याने काळजाचं सांगितलं, झोपेचं सांगितलं, डोक्याचं सांगितलं. सफरचंद खाणाऱ्याचं रक्त शुद्ध होतं, स्मरणशक्ती वाढते, अंगावर तेज येतं. तो जे जे सांगे त्याची उणीव मला माझ्यात स्पष्ट दिसे. सुरतेहून निघताना मी धडधाकट माणूस होतो. व्यारा येईपर्यंत मी इतका आजारी झालो की फुईची प्रकृती माझ्यापेक्षा बरी म्हणायची. व्याऱ्याला म्हातारा उतरायला उठला तेव्हा मी विचारलं, "तुम्ही रोज खाता का हो?"

"मी?" तो म्हणाला. "दात कुठे आहेत? मी आजच पहिल्यांदा खाल्लं. पण ऐकलंय पुष्कळ."

तो उतरला तेव्हा पिशवीत तीन होती. नवापूरला गाडी पाणी भरायला बराच वेळ उभी राहिली आणि तिनाची दोन झाली. त्याला मात्र काही कारण नव्हतं. इतक्या वर्षांनी ते शोधून चिकटवण्यात अर्थ नाही.

दोन उरली तेव्हा मला घाम फुटला. सहा आणायला सांगितली होती. दोन नेली तर आबा विचारणार, दोनच का? दोन हा आकडाच संशयाचा. एकच असलं तर "एकच मिळालं" म्हणता येतं. त्यात एक प्रकारचा प्रामाणिकपणा दिसतो. असा विचार करून चिंचपाड्याच्या पुढे मी पाचवं खाल्लं. ते काही गोड लागलं नाही. फुईने मला वाटीत भात कालवून भरवलेला घास त्या वेळी आठवला. पण एकदा चावल्यावर थांबता येत नाही आणि अर्धं खाल्लेलं सफरचंद घरी नेता येत नाही.

घरी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ होती. आबा ओट्यावर वाटच बघत होते. मी पिशवीतून एक सफरचंद काढून त्यांच्या हातावर ठेवलं.

"एकच?"

"एकच मिळालं."

"येवढी मोठी सुरत," आबा म्हणाले, "आन एकच सफरचंद?"

"तिकडे सगळेच आजारी शेत," मी म्हणालो.

आबा साधा माणूस. त्यांनी सुरतेबद्दल हळहळ व्यक्त केली आणि सफरचंद आत पाठवलं.

चुलीपुढे माझी बायको होती. पऱ्हाट्यांच्या म्हणजे वाळल्या कपाशीच्या काड्यांच्या जाळावर रात्रीसाठी हिरवी वांगी भाजत ठेवलेली. सासऱ्यासमोर ती बोलायची नाही. मी आत गेल्यावर तिने हळूच विचारलं, "डॉक्टरनी काय सांगं?"

"भाजायचं, साल काढायची, कुस्करायचं."

"म्हंजे भरीत."

"भरीतच."

तिने सफरचंद वांग्यांशेजारी निखाऱ्यावर ठेवलं. साल तडकली, रस गळून चुर्र झालं. साल काढून तिने ते थाळीत घेतलं, तर पाव वांग्याएवढाही गोळा नव्हता. ती माझ्याकडे बघू लागली.

"हाई इतलंसं? आबांना दाखवू कसं? थाळीत दिसनार बी नही."

मलाही तीच भीती होती. तेवढासा गोळा पाहिला की आबांना पुन्हा सुरत आठवणार आणि मग सहाचा हिशेब निघणार.

"एक वांगं घाल त्यात," मी म्हणालो.

"वांगं चालस?"

"चालतं."

"मंग लसून? मिरची?"

हा प्रश्न तिने विचारला. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. तिने विचारलं होतं. माहेरी आईने तिला शिकवलं होतं, की आजाऱ्याच्या ताटाला तिखट लावायचं नाही. हातात हिरव्या मिरच्या धरून ती माझ्या उत्तरासाठी थांबली होती.

नुसतं वांगं घातलं असतं तर ते वांगंच लागलं असतं आणि फुईने पहिल्या घासाला ओळखलं असतं. भरपूर मिरची-लसूण असला की आत काय आहे हे देवालाही कळत नाही. म्हणून मी म्हणालो, "घाल. डॉक्टरांनीच सांगितलंय."

तिने मिरच्या तेलावर परतल्या, लसूण टाकला, शेंगदाणे टाकले, कांद्याची पात चिरली आणि सगळं मुसळाने ठेचलं. तो खकाणा फुईच्या खोलीत गेला. आतून तीनदा खोकल्याचा आवाज आला आणि मग तीन आठवड्यांत पहिल्यांदा फुईची हाक बाहेर ऐकू आली, "काय करी ऱ्हायनात वं?"

आबा धावत आत गेले. फुई आपली आपण उठून बसली होती.

तिने पाव भाकरीबरोबर थाळीतलं बरंचसं भरीत खाल्लं. कपाळावर घाम आला, नाक वाहायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. बोटं चाटून ती म्हणाली, "हाई सफरचंद शे? मंग पहिलेच काबरं नही आनं? माले तीन हप्ता शेंबूड चारतस!"

आबांच्या डोळ्यांतही पाणी आलं, पण ते मिरचीने नव्हे.

सकाळी मात्र फुईच्या पोटात आग पडली. उचक्या लागल्या, कळा सुरू झाल्या, ती गडबडा लोळू लागली. आबांनी माणूस पाठवून डॉक्टरांना पुन्हा बोलावलं. ते दुपारी आले, फुईला तपासलं, काय खाल्लं ते विचारलं आणि उरलेल्या भरिताची थाळी मागवली. त्यांनी बोटावर जरासं घेऊन चाटलं आणि दोन मिनिटं ते पाणीच पीत होते.

मग ओट्यावर येऊन त्यांनी विचारलं, "यात मिरची कोणी घातली?"

ओट्यावर आबा होते, मी होतो, बघायला आलेले आठदहा लोक होते. दाराआड माझी बायको उभी होती. तिने पदर पुढे ओढला. पदराच्या कडेखालून ती माझ्याकडे बघत होती. मी समोरच्या बैलाच्या शिंगाकडे बघत होतो. शिंगाला लावलेला गेरू एका बाजूने उडाला होता. तो मला आजही दिसतो.

"मी घाली," ती म्हणाली.

डॉक्टर तिला पुष्कळ बोलले. आजाऱ्याचं आतडं ओल्या कागदासारखं झालेलं असतं, ते फाटलं असतं तर बाई हाती लागली नसती, शिकल्या नाहीत तरी अक्कल पाहिजे. मी तोंड उघडलं असतं तर पहिलं मिरचीचं निघालं असतं, मग वांग्याचं, मग एकाच सफरचंदाचं, मग चिंचपाडा, मग नवापूर. म्हणून उघडलं नाही.

उचक्या संध्याकाळी थांबल्या. दुसऱ्या दिवशी फुईने पुन्हा खायला मागितलं, आठ दिवसांत ती काठी टेकत शेतावर गेली आणि तिथून तिचा आवाज गावात ऐकू आला. डॉक्टर शेवटचं तपासून जाताना म्हणाले, "सफरचंदाची ताकद बघा. मिरचीने मारलंच होतं, सफरचंदाने वाचवलं."

झालं. हे वाक्य आमच्या घरात शास्त्र झालं. गुण सफरचंदाला, दोष बायकोला. एवढ्याशा गोळ्यातलं फुईच्या वाट्याला आलेलं सफरचंद म्हणजे फार तर दोन घास. बाकी वांगं, आणि तीन आठवडे अळणी खाऊन कंटाळलेली म्हातारी. ताप तर आधीच उतरला होता. पण हे सांगणार कोण?

सफरचंदाची कीर्ती पसरली. कळसाडीहून एक पाहुणा मुद्दाम कृती विचारायला आला. आबांनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, "भाजायचं, साल काढायची, कुस्करायचं. मिरची तेवढी नही. आमच्या बहूनी घाली व्हती, देवनी वाचाडं." आत माझी बायको पाहुण्यासाठी चहा करत होती. तिने तो चहा मला बाहेर न्यायला दिला.

पुढच्या वर्षी आबांनी कुणाकडून तरी पुन्हा सहा सफरचंदं मागवली, या वेळी सहाच्या सहा आली. भाजून, साखर घालून फुईला दिली. तिने एक घास खाल्ला आणि थुंकला.

"हाई सफरचंद नही. पहिलं अस्सल व्हतं."

फळवाला लबाड आहे, हे नकली सफरचंद आहे, असं ती मरेपर्यंत म्हणत होती. अस्सल सफरचंद वांग्यासारखं लागतं हे तिला पक्कं ठाऊक होतं.

यात हसण्यासारखं पुष्कळ आहे आणि मीही पुष्कळ हसलो आहे. पण एक प्रसंग आहे त्याला हसता येत नाही. आमचा थोरला मुलगा दोन वर्षांचा असताना त्याला ताप भरला. बायकोने तांदूळ धुऊन पेजेसाठी पातेलं चुलीवर ठेवलं. आबा आत आले आणि त्यांनी ते पातेलं उतरवून शेजारणीच्या हातात दिलं. रागाने नाही, अगदी मायेने. "राहू दे बाई, तुन्हा हात तिखट शे." तिच्या मुलाची पेज शेजारीण करत होती, आणि बायको गोठ्यात जाऊन गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. मी तिथेच बैलांच्या मानेला बांधायच्या चामडी जोत्याला तेल लावत होतो. जोतं पुसून कोरडं केलं आणि पुन्हा तेल लावलं. तेव्हापासून आमच्या घरात आजाऱ्याचं अन्न तिच्या हातून झालं नाही. आबा गेले, फुई गेली, पण रीत राहिली.

आता यंदाचं सांगतो. पावसाळ्यात मी बरेच दिवस अंथरुणाला खिळलो. डॉक्टर नवीन, पण औषध तेच: सफरचंद. माझ्या तोंडात आता त्या गाडीतल्या म्हाताऱ्याइतकेच दात आहेत, म्हणून शिजवून द्यायला सांगितलं. बायकोने सवयीने सुरी घेतली आणि साल काढायला बसली. नातसून हसत म्हणाली, "आजी, तुम्ही राहू द्या हां. तुम्ही मिरची घालाल!" सगळे हसले. तीही हसली. आणि तिने सुरी खाली ठेवली.

साठाहून जास्त वर्षं ती अशीच सुरी खाली ठेवत आली होती. मी ते नीट पाहिलं त्या दिवशी. मी म्हणालो, "मिरची मी घालायला सांगितली होती." आणि मग बारडोलीपासून सगळं सांगत सुटलो. माझा आवाज बारीक, मध्ये खोकला. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही पडा जरा." नातसून नवऱ्याला हळूच म्हणाली, "ताप वाढलाय का बघा." गोष्ट इतकी जुनी आणि इतकी चांगली होती की कुणालाच ती बदलून नको होती.

सगळे गेल्यावर बायको उठून माझ्या खाटेपाशी आली.

"पाच खादात?"

"साडेचार. अर्धं म्हाताऱ्याने खाल्लं."

"ते जाऊ द्या. सफरचंद कोनी बी खाई लेस." ती खाटेच्या कडेवर बसली. "मी तुम्हले इचारेल व्हतं, मिरची घालू का. मंग डॉक्टरनी इचारं तव्हय तुम्ही काबरं गप बसनात?"

बैलाच्या शिंगाचं सांगून काय उपयोग होता?

त्यानंतर तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पाणी आणून ठेवायची आणि जायची. चौथ्या दिवशी दुपारी स्वयंपाकघरातून खकाणा आला. नातसून ठसकत बाहेर पळाली. मागून मुलाचा आवाज, "आई, अगं काय करतेस?" आणि मग तिचा, तिच्या तोंडून मी कधीच न ऐकलेल्या पट्टीतला, थेट फुईच्या पट्टीतला: "बठ तिकडे!"

ती थाळी घेऊन आली. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीचा चतकोर आणि शेजारी भरीत. आजाऱ्यासाठी तिच्या हातचं अन्न, आणि तिला अडवायला कुणी उठलं नाही. तिने सगळ्यांना खाटेभोवती बसायला लावलं, थाळी माझ्या मांडीवर ठेवली आणि पदर मागे सारून माझ्यासमोर बसली.

"खा. डॉक्टरनी सांगेल शे."

मी घास घेतला. सफरचंद होतं, सगळंच सफरचंद होतं, वांगं औषधालाही नव्हतं. आणि मिरची अशी की कान बंद झाले. दुसरा घास घेतला. नाक वाहायला लागलं, डोळ्यांपुढचं सगळं पाण्यात बुडालं. नातू पाणी घेऊन उठला, तिने त्याला हाताने खाली बसवलं.

"आते सांगा," ती म्हणाली, "मिरची कोनी घालाले सांगी?"

या वेळी समोर बैल नव्हता. मी तिच्याकडेच बघितलं.

"मी सांगी," मी म्हणालो. या वेळी आवाज निघाला. तो मिरचीने निघाला की कशाने, माहीत नाही. "तिनी इचारेल व्हतं. मी सांगी."

कुणी हसलं नाही. नातसुनेने तोंडावर हात ठेवला.

बायकोने थाळीतला एक घास उचलून स्वतःच्या तोंडात टाकला, चावून पाहिला आणि म्हणाली, "मीठ कमी शे." मग पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.